पाटीवरची मेंढरं

बाळांनो, समजा, तुम्ही एका बाभळीखाली उभे आहात. ऊन उतरलंय. समोरून धुळीचा लोट येतोय आणि त्या लोटातून मेंढरं बाहेर पडताहेत. एक नाही, दोन नाही, चांगली सात विसा, म्हणजे एकशेचाळीस. सगळी काळी, सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचा ओरडा एकच. आता बघा नीट आणि सांगा मला, यातलं कुठलं मेंढरू काल होतं आणि आज नाही?

नाही ना येत सांगता?

हरिबाला यायचं. मोहोळच्या पलीकडे माळाच्या कडेला त्याची वस्ती होती. दिवस मावळताना मेंढरं वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आवारात, शिरू लागली, की तो काठीवर हनुवटी टेकून दारात उभा राही. बोटांवर मोजणं नाही की काही नाही, नुसता बघत राही. शेवटचं मेंढरू आत गेलं, की म्हणे, "तुटक्या कानाची मागं राह्यली." आणि खरंच, ओढ्याकाठच्या काटेरी झुडपात ती तुटक्या कानाची अडकून बसलेली सापडे.

एकोणीसशे तीस सालच्या वैशाखात या हरिबाकडे त्याची नात आली, तानी. तानीचा बाप धुळाप्पा सोलापुरात गिरणीत कामाला होता आणि तानी तिथल्याच मुलींच्या शाळेत तिसरीत होती. शाळेला सुट्टी लागली तरी गिरणीचा भोंगा काही सुट्टी घेत नव्हता. म्हणून तानी आणि तिची आई केराबाई अशा दोघीच आगगाडीनं मोहोळला उतरल्या. तानीच्या पिशवीत दोन परकर होते, पुस्तक होतं, पाटी होती आणि गुंडाळी केलेली कागदाची एक लांबलचक पट्टी होती.

ती पट्टी शाळेतल्या हेमावतीबाईंनी दिली होती. पट्टीवर एकापुढे एक असे तीस चौकोन आखलेले. बाई म्हणाल्या होत्या, "सुट्टीत हुंदडा, पोहा, कैऱ्या खा. मात्र रोज पुस्तकातला थोडा मजकूर पाटीवर उतरवायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाला दाखवायचा. पाटी भरलेली दिसली की ते एका चौकोनात खूण करतील. ती खूण मला पुरे."

केराबाईनं चुलीपुढून मान वर न करताच सांगितलं, "मला कुटं येतंय त्यातलं? तुज्या आज्याला दाव."

हरिबाला तरी कुठं येत होतं! शाळेची पायरी त्यानं कधी चढली नव्हती. पण त्यानं पट्टी दोन्ही हातांत धरून वर-खाली नीट पाहिली आणि विचारलं, "खूण म्हंजे माजी खूण चालंल न्हवं?"

"चालंल की," तानी म्हणाली.

हरिबानं वळचणीतून गेरूची वाटी काढली. मेंढरांच्या पाठीवर तो लावायचा तोच हा गेरू. अंगठा बुडवून एक ठिपका आणि त्याच्याखाली आडवी ओढ, अशी त्याची खूण. मोहोळच्या बाजारात पाठीवर ती खूण दिसली, की घेणारा मेंढराचं तोंड उघडून दात बघत नसे. हरिबानं सांगितलं ते वय खरं.

"तीस खुणा पुऱ्या झाल्या," हरिबा म्हणाला, "की ती चांदी तुजी."

चांदी म्हणजे दीड महिन्याचं एक कोकरू. अंग काळं कुळकुळीत आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. आल्या दिवसापासून ते तानीच्या मागं मागं होतं. तानी टाळ्या पिटत म्हणाली, "माजी म्हंजे? सोलापूरला न्यायची?"

"येडी का खुळी तू! चाळीत मेंढरू कुटं बांदशील? ऱ्हाईल हितंच, पर तुजी. तिच्या लोकरीचं पयलं घोंगडं तुला."

मग काय! पहिल्या दिवशी तानीनं विहिरीचा धडा काढला आणि वरून खालपर्यंत पाटी भरली. संध्याकाळी खूण पडली. दुसऱ्या दिवशी ते सगळं पुसून मुंगीचा धडा लिहिला. तोही मोठा सुरेख उतरला. दुसरी खूण पडली.

तिसऱ्या दिवशी मात्र आंब्याखाली सूरपारंब्या रंगल्या. विहिरीत उड्या झाल्या. पाटी आठवली तेव्हा हरिबा गेरूची वाटी घेऊन अंगणात बसलाही होता. तानीनं खुंटीवरची पाटी काढली. कालचा मुंगीचा धडा तसाच होता. तिनं जीव मुठीत धरून तीच पाटी पुढं केली.

हरिबानं एकेका ओळीवरून बोट फिरवलं, न टेकवता, वरच्या वर. कितीतरी वेळ बघितलं. मग त्याचा चेहरा खुलला. "हायत. समदी जागच्या जागी हायत. ह्ये वाकड्या शिंगाचं हितं, ह्ये फुगल्या पोटाचं हितं. पाच विसा आनि सात. एकबी हरवलं न्हाय! शाब्बास गं माजी वाघीण!"

आणि तिसरी खूण पडली.

तानीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा परकरात तोंड खुपसून ती हसत सुटली. आज्याला वाटत होतं, की बाईंनी पोरीला ही अक्षरं सुट्टीभर राखायला दिली आहेत! आपण शेतकऱ्याची चार मेंढरं सांभाळायला घेतो आणि महिन्यानं धडधाकट परत करतो, तसंच. पहिल्या दिवशीची विहीर पुसली गेली, ती मुळी कच्ची होती म्हणून, असं त्यानं मनाशी धरलं असावं. आता ही पक्की, आणि ही सांभाळायची.

एवढं सोपं असल्यावर पेन्सिल कशाला झिजवा? तानी रोज हुंदडायची आणि संध्याकाळी खुंटीवरची पाटी अशी हळूच काढायची, जशी काही तुपानं काठोकाठ भरलेली वाटी. हरिबा एकेक अक्षर ओळखायचा, विसा मोजायचा, शाबासकी द्यायचा. चार खुणा झाल्या, आठ झाल्या, बारा झाल्या. अक्षरांपैकी काहींना तर त्यानं नावंही दिली. एक होतं लंगडं, एक गाभण आणि एक पाटलाचा बोकड.

पंधराव्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचा जोतीराम बाजारातून परतताना पाणी प्यायला थांबला. तानी आत दळणाशी बसली होती. अंगणातलं बोलणं तिला स्वच्छ ऐकू येत होतं.

"नात शिकतिया म्हनं," जोतीराम म्हणाला. "शिकून काय करनार, हरिबा? मेंढरंच वळायची की शेवटी!"

"वळती की आत्ताच," हरिबा म्हणाला. "पाच विसा आनि सात अक्षरं राखाया दिल्यात तिच्या बाईनं. इतकं दिस झालं, एक हरवू दिलं न्हाय. तुज्या पोरानं परवा दोन करडं हरवली, ती घावली का रं?"

जोतीराम ठसका लागल्यासारखा खोकला. "आनि हे कुनी बगितलं?"

"मी बगितलं. रोजच्या रोज. माजा अंगटा हाय त्यावर."

"मग मिटलंच," जोतीराम तांब्या खाली ठेवत म्हणाला. "तुजा अंगटा म्हंजे बोलायला जागा न्हाय."

आत तानीच्या हातातली जोंधळ्याची मूठ जात्याच्या तोंडाशी तशीच राहिली. केराबाई म्हणाली, "घाल की गं, काय झालं?" तानीनं मूठ सोडली, पण त्या रात्री तिला भाकरी काही गोड लागली नाही.

आता सोळाव्या दिवशी काय झालं ते ऐका. दुपारी तानी पाटी मांडीवर घेऊन बाभळीच्या सावलीत भाकरी खात होती. लिहावं की न लिहावं, असं तिचं चाललं होतं. मुंगी पुसावी, तर कालपर्यंतची सगळी शाबासकी पुसली जाणार. तिच्या बोटांना चटणी-मीठ लागलेलं आणि तीच बोटं पाटीच्या कोपऱ्यावर. तेवढ्यात चांदी आली. मेंढराला मीठ म्हणजे पेढाच! तानीनं पाणी प्यायला मान वर केली, तेवढ्यात चांदीनं पाटीचा खालचा कोपरा लख्ख चाटून घेतला.

तानीनं पुस्तक आणायला उडी मारली. तीन अक्षरं गेली होती, ती पुन्हा काढायला कितीसा वेळ लागतो? पण पुस्तक पिशवीत, पिशवी घरात, आणि घराच्या वाटेवर हरिबा उभा. त्या दिवशी तो लवकर परतला होता. त्याची नजर सवयीनं तिच्या हातातल्या पाटीवर गेली.

"तानू," तो थबकला. "हितली तीन कुटं गेली? लंगडं न्हाय. त्याच्या मागची दोनबी न्हाइत."

तानीनं परकराच्या टोकानं डोळे पुसले.

तिला वाटलं, आता आज्या रागावणार. पण हरिबा तिच्याजवळ येऊन मातीतच बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रडू नगंस. माज्या हातनंबी जात्यात कदी. राखनदार हाय म्हंजे हरवायचंच कदीतरी. बाई बोलंल का लई?"

तानीनं पाटीचा चाटलेला कोपरा हातानं झाकला.

"मी येतो सोलापूरला. शाळंत येतो तुज्यासंगं. बाईला सांगतो, पोरीनं जिवापाड राखली हुती, तीन गेली, त्येची भरपाई माज्याकडनं घ्या. हरवल्याची लाज न्हाय बाय. हरवलेलं लपवलं, तर लाज."

तानीच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, असा आज्या शाळेच्या दारात वहाणा काढतोय. हेमावतीबाईंपुढं हात जोडतोय. तीन अक्षरांसाठी! आणि मग तिला राहवेना.

"आज्या, अक्षरं राखायची नसत्यात!" ती एका दमात बोलून गेली. "रोज पुसायची आसत्यात. रोज नवी ल्ह्यायची. मी पयलं दोन दिसच ल्हिवलं. मग तीच पाटी दावली रोज."

हरिबानं पाटी जवळ ओढली. "पुसायची? चांगली धडधाकट अक्षरं?"

"व्हय. पुस्तकात आसत्यात ती. कुटं जात न्हाइत."

हरिबानं पट्टी मागितली. तानीनं ती आणून दिली. त्यानं ती मांडीवर उलगडली. पंधरा गेरूच्या खुणा ओळीनं उभ्या होत्या. पहिल्या दोन सोडून त्यानं एकेक मोजल्या. या वेळी मात्र बोट टेकवून. तेरा झाल्या. मग त्यानं आपला अंगठा उलटा करून पाहिला. नखात गेरू होता.

"तेरा दिस खोटं बोलला म्हनायचा ह्यो," तो हळूच म्हणाला. बस्स, एवढंच.

बाळांनो, आज्यानं एक धपाटा घातला असता तर तानीला बरं वाटलं असतं. पण तो नुसता अंगठ्याकडे बघत बसला. चांदी येऊन त्याचं धोतर चाटू लागली, तरी त्यानं तिला हाकललं नाही.

शेवटी तानीनं नाक पुसलं आणि विचारलं, "आज्या, चुकून दुसऱ्याच्या मेंढराला तुमची खूण लागली, तर? तवा काय करता?"

"काय करनार? तेवढी लोकर कातरायची. गेरू लोकरीला धरतो, कातड्याला न्हाय. पुन्ना नवी उगवती."

तानी उठली. धावत घरात गेली आणि वळचणीला खोचलेली लोकर कापायची मोठी कातर दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. केराबाई मागून ओरडली, "आगं, बोटं तोडशील!" तानीनं पट्टी जमिनीवर सरळ केली. दुसऱ्या चौकोनाच्या कडेला कातर लावली. करकर करकर. मग पंधराव्याच्या कडेला. करकर करकर. तेरा खुणांचा तुकडा मधून सुटून पडला. उरलेले दोन तुकडे तिनं लोकरीच्या धाग्यानं एकमेकांना बांधले. पट्टी आता आखूड, बांडी दिसत होती, पण तिच्यावर जे होतं ते खरं होतं.

"बाई इच्यारंल की, मदलं काय झालं," हरिबा म्हणाला.

"सांगंन."

"आनि चांदी?"

तानीनं बोटांवर हिशेब केला. मागच्या तेरा आणि पुढच्या पंधरा, म्हणजे अठ्ठावीस पाट्या. दिवस उरलेत पंधरा. "तेरा दिस दोन-दोन पाट्या, मग दोन दिस एक-एक," ती म्हणाली. "एका चौकोनात दोन खुणा करायच्या. तीस झाल्या, तरच चांदी माजी."

तिनं फडकं ओलं केलं आणि हरिबाच्या डोळ्यांदेखत पाटीवरून फिरवलं. वाकड्या शिंगाचं गेलं, गाभण गेलं, पाटलाचा बोकड गेला. हरिबानं मोठा उसासा टाकला. एवढ्या दिवसांची त्याची ओळख होती ती!

मग तानी बाभळीला पाठ टेकून बसली. चांदीला तिनं पायानं दूर सारलं आणि पुस्तक उघडून पेन्सिल दगडावर घासली. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि पाटी हरिबाच्या मांडीवर तिरकी करून म्हणाली, "आज्या, ही नवी हायत. आदी ह्येंची ओळख करून घ्या, तवर मी खालची आनते."