निळ्या मक्याच्या घराची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, आणि मी दमले आहे. माणसं चढली-उतरली म्हणून शिडी दमत नसते, त्याचसाठी तिचा जन्म. मला दमवलं ते वेगळ्याच कामांनी. ऐकायचं असेल तर बसा माझ्या खालच्या पायरीवर. तिथे सावली आहे.

मी जन्माने डोंगरातलं पाइनचं झाड. त्सेपिन नावाच्या जवान गड्याने मला तोडलं. पण आधी माझ्या मुळाशी चिमूटभर मक्याचं पीठ ठेवून तो म्हणाला, "रागावू नकोस. बायकोच्या घरी न्यायचंय तुला." आमच्यात घर बाईचं असतं. भिंती ती बांधते, आणि लग्न झालं की गडी तिच्याकडे राहायला येतो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने मला नेलं. दोन उंच खांब, मध्ये पायऱ्या, हरणाच्या ओल्या चामड्याच्या वाद्यांनी आवळलेल्या. त्याच्या बायकोने, खुनपोवीने, मला धरून गदागदा हलवलं आणि म्हणाली, "शिडी बरी आहे. माणसाचं बघू पुढे."

माणूसही बरा निघाला.

आमच्या घरांना खाली दार नसतं. भिंतीला शिडी, शिडीवरून सपाट छपराचं धाबं, आणि धाब्यातल्या भोकातून आत घर. शिडी खाली सोडलेली असली की समजायचं, या, जेवा. मग येणारा ओळखीचा असो नसो. शत्रू आला की शिड्या वर ओढायच्या, आणि जो खाली राहिला तो राहिला. आमचा एवढाच कायदा. तो मोडायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मग स्पेनचे लोक आले. समुद्रापलीकडच्या कुण्या राजाने आमचा मुलूख आपला म्हणून जाहीर केला, त्याला नवा मेक्सिको असं नाव दिलं आणि वर एक गव्हर्नर बसवला. नदीकाठच्या आमच्या साऱ्या लोकांना त्यांनी प्वेब्लो म्हटलं. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ नुसता 'गाव'. तुमचं नाव काय, एवढं विचारायची तसदीही कुणी घेतली नाही. लोक याला राज्य म्हणतात. मी शिडी आहे, मला राज्य आणि दरोडा यातला फरक कळत नाही. दोघेही माझ्याच पायऱ्यांवरून वर चढले.

पहिला आला पाद्री. त्याला चर्च बांधून हवं होतं. त्याने त्सेपिनला चिखलाची पाटी दिली आणि भिंत रचायला लावलं. आमच्यात भिंत बायका रचतात, पुरुष शेत बघतात नि मागावर विणतात. त्सेपिनने पहिला थर कसाबसा लावला आणि गावातल्या बायका हसून हसून धाब्यावर लोळल्या.

खुनपोवीची धाकटी बहीण यान ओरडली, "भावोजी, तेवढी भिंत झाली की पाट्यावर बसा! मका दळायचा राहिलाय!"

"आणि बाळंत कधी होताय?" शेजारची म्हातारी म्हणाली.

त्सेपिन पाटी टाकून पळाला तो माझ्यावरून थेट घरात. पाद्री लाल झाला. पण त्या हसण्याची किंमत बायकांनीच भरली. चर्चच्या भिंती त्यांच्याच डोक्यावर आल्या. मला चर्चला टेकवून, ओल्या चिखलाच्या पाट्या घेऊन त्या चढत राहिल्या आणि घरच्या भिंती पावसापाण्याने उकलत गेल्या. पुढे कुणी फारसं हसलं नाही.

मग गव्हर्नरचा माणूस आला, कप्तान उर्कीसा. बरोबर चार शिपाई आणि एक दुभाष्या. मी खालीच होते. कप्तान वर आला, तर खुनपोवीने त्याला जेवायला घातलं. घेवडा, भोपळा, निळ्या मक्याची कागदासारखी पातळ भाकरी. तो पोटभर जेवला. मग तिने आमच्याकडची रीत पाळली. पाहुण्याला आतली खोली उघडून दाखवली, रंगवार रचलेली मक्याची कणसं. पिवळी, लाल, पांढरी. आणि सगळ्यात मागे बियाण्याचा निळा मका, तिच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या जपलेला. भरलेलं घर पाहिलं की पाहुण्याचा जीव निवतो, असं आमचे लोक समजतात. कप्तानाचा जीव निवला नाही. त्याचे डोळे नुसते फिरत होते.

पुढच्याच सुगीला गव्हर्नरचा हुकूम आला. घरटी एक पोतं मका आणि एक सुती चादर. का, म्हणून कुणी विचारलं तर दुभाष्या म्हणाला, "तुमचं रक्षण करतात ना ते!"

"कुणापासून?" यानने विचारलं.

दुभाष्याने रिकामं पोतं उघडून तिच्यापुढे धरलं.

आता घरं मोजायची कशी? आमचं गाव म्हणजे एकाला एक चिकटलेल्या खोल्यांचा डोंगर. कुठे एक घर संपतं नि दुसरं सुरू होतं, ते बाहेरच्याला कळत नाही. तेव्हा कप्तान शिड्या मोजायचा. एक शिडी, एक घर. काय हा मान! आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोजलं, ते लुटायला.

दोन सुगी लोकांनी दिलं. मग पावसाने पाठ फिरवली, कणसं करंगळीएवढी झाली, तरी हुकूम तोच. तेव्हा गावाने एक युक्ती केली. शिड्या कमी केल्या. यानने आपली शिडी फोडून चुलीत घातली आणि पोराबाळांसह बहिणीच्या शिडीवरून ये-जा करू लागली. अख्ख्या गावाने तेच केलं. माझ्यावर दोन घरांचे पाय आले. माझी तिसरी पायरी तेव्हाच झिजली. त्या ओझ्याचं मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. ते घरचं ओझं होतं.

कप्तान आला आणि गावाकडे बघत राहिला. "मागे इथं शिड्यांचं रान होतं. कुठं गेल्या?"

त्सेपिन भोळा. तो म्हणाला, "सडल्या, सरकार."

"पाऊस नाही म्हणून पोती देत नाही म्हणता. मग लाकूड कशानं सडलं?"

कप्तानाने त्याला मलाच बांधलं. छाती माझ्या पायऱ्यांना, हात वर माझ्या खांबांना, दोरखंडाने करकचून. चाबूक ओढला की त्याचं सगळं अंग माझ्यावर आदळायचं. झाड असताना माझ्यावर वीज पडली होती, पण तेव्हासुद्धा मी अशी हादरले नव्हते. मला चढण्यासाठी केलं होतं. कुणाला बांधण्यासाठी नाही.

मग कप्तान शिपायांना म्हणाला, "याच्या पाठीवर पाय देऊन चढा. आतल्या खोलीत मागं निळा मका आहे. तो आधी काढा. मी पाहिलाय."

वर धाब्यावर खुनपोवीने ते ऐकलं. बाकीचा मका गेला तर एक हिवाळा उपाशी काढता येतो. बियाणं गेलं तर घराणंच गेलं. कायदा तिला ठाऊक होता. शिडी वर, खाली राहिला तो राहिला. पण या खेपेला खाली राहिलेला शिडीलाच बांधलेला होता.

"ओढ!" त्सेपिन तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला. "माझे दोर काप नि शिडी तेवढी ओढ. मला सोड."

"गप बस!" ती वरून खेकसली. "सोडायचं असतं तर लग्नाच्याच दिवशी शिडी ठेवून घेतली असती नि तुला परत पाठवलं असतं. यान, धर गं!"

बायकांनी माझे खांब धरले. ज्या खांद्यांवर पाद्रीने अख्खं चर्च उचलवलं, तेच हे खांदे. एका हिसक्यात माझे पाय जमिनीवरून सुटले. एक शिपाई मला खालून लटकला, तर शेजारच्या म्हातारीने भिंती सारवायला कालवलेल्या चिखलाची घागर त्याच्या डोक्यावर ओतली. दुसरा बंदुकीची वात पेटवत बसला. ती पेटेपर्यंत मी वर होते, त्सेपिनसकट. मग एकापाठोपाठ एक साऱ्या गावाच्या शिड्या वर गेल्या. खाली उरला कप्तान, घोडे, आणि दार नसलेल्या भिंती. त्याने भिंतीला लाथ मारली. बायकांनी रचलेली भिंत होती, ती कसली हलते!

गोष्ट इथे संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मी खोटं सांगणार नाही. कप्तान जास्त शिपाई घेऊन परत आला. त्यांनी पहारींनी भिंत फोडून खाली दार पाडलं. आतला पिवळा, लाल, पांढरा, सगळा मका नेला. मागची जागा मात्र रिकामी होती. निळं बियाणं बायकांनी केव्हाच बाळांच्या झोळ्यांतून नदीपलीकडच्या नात्यातल्या गावांना पोचवलं होतं. त्सेपिन जगला, पण त्याची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. त्यानंतर तो कुबडा होऊनच माझ्यावर चढायचा, आणि खुनपोवी वरून म्हणायची, "आला माझा वाकडा खांब!"

पुढे साऱ्या गावांनी मिळून त्या लोकांना एकदा हाकललं. काही वर्षांनी ते परत आले. गव्हर्नर बदलले, चाबूक तोच. मी कंटाळले ती नावं लक्षात ठेवून.

खुनपोवी म्हातारी झाली तेव्हा तिच्या नातीने तिला विचारलं होतं, "आजी, अनोळखी माणूस येतोय. शिडी वर ओढू?"

खुनपोवी निळ्या मक्याची कणसं रचत होती. हातातलं कणीस तिने जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "राहू दे खाली. उपाशी असेल तर जेवायला घाल. आतली खोली मात्र दाखवू नकोस."

मित्रांनो, तुम्हीही मला जपा. तिसरी पायरी बदला, ती आता कुणाला तरी पाडेल. वाद्या नव्या आवळा. पण वर माझ्या दोन्ही खांबांवर दोरखंडाच्या खाचा पडल्या आहेत, त्या मात्र तासू नका. तुम्ही चढताना तिथेच हाताने धरता. धरताना बोटं थोडी आत रुततात ना, ती जागा त्सेपिनची आहे.