मयतीचे कापड आणि पांढरा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना साइटस्क्रीन आहे. गोलंदाजाच्या पाठीमागे, सीमारेषेच्या पलीकडे, चाकांवर उभी असलेली फळ्यांची उंच भिंत म्हणजे मी. माझ्यामुळे फलंदाजाला चेंडू नीट दिसतो. सामना चालू असताना माझ्याकडे कुणी बघत नाही. बघितलेच, तर समजावे की माझे काहीतरी बिघडले आहे.

थॉर्नवाइक या समुद्रकाठच्या गावी होड्या बांधणाऱ्या सुतारांनी मला घडवले. होडीतून उरलेल्या फळ्या, चार लोखंडी चाके आणि वरून शुभ्र पांढरा रंग. मैदानाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा जुळा भाऊ. समुद्र माझ्या पाठीशी असल्यामुळे धुके आले की आधी मी भिजतो, मग खेळपट्टी. अशा सकाळी चेंडू मधल्या यष्टीकडे निघतो आणि अर्ध्या वाटेत विचार बदलून बाहेर वळतो. हा स्विंग मी समोरासमोर पाहत आलो आहे. तो पाहताना मला अजूनही मजा वाटते. फलंदाजांना वाटत नाही.

बरीच वर्षे सुखात गेली. मग लीगच्या मंडळींनी ठरवले की पन्नास षटकांची स्पर्धा घ्यायची. कपडे रंगीत, चेंडू पांढरा. म्हणजे माझी पंचाईत! दुधात साखर विरघळावी तसा तो चेंडू माझ्यात दिसेनासा झाला असता. मला काळा रंग देण्याचे ठरले, पण आठवडाभर पाऊस हटेना. रविवारी हार्डलच्या संघाशी पहिला सामना, आणि शनिवारी संध्याकाळीही मी पांढराच.

तेव्हा कुणाला तरी हॉरेस ऑल्डरसनची आठवण झाली. हॉरेस गावचा अंत्यसंस्कार करणारा. लांब चेहरा, लांब पाय, हळू आवाज. त्याच्याकडे मयतीच्या वेळी लावायची काळी कापडे होती. तो क्लबचा जुना सलामीचा फलंदाजही होता. पण नवा कर्णधार डेरिक स्टब्ज याने त्याला या स्पर्धेतून वगळले होते. डेरिक तरणाबांड, षटकार मारणारा गडी. "पन्नास षटकांत अडीचशे लागतात. ऑल्डरसनसाहेब खेळायला लागले की घड्याळसुद्धा पेंगतं," असे तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. हॉरेसने फक्त आपली बॅट घरी नेली होती.

डेरिक कापड मागायला गेला, तेव्हा दार हॉरेसच्या बायकोने, एडनाने उघडले. ही हकीकत तिनेच मला कापड टाचताना मोठ्याने सांगितली.

"मी म्हटलं, कापड मिळेल की! पण ते एकटं कुठं जात नाही. त्याच्याबरोबर हॉरेस जातो."

"अहो काकू, सामना आहे, मयत नाही!"

"मग मयत होऊ नये म्हणून तरी त्याला ने."

रविवारी सकाळी एडनाने टोपीच्या पिना लावून मला काळे नेसवले. भावाला नाटकमंडळींचा काळा पडदा मिळाला. धुके इतके दाट की समुद्र दिसेना. खेळपट्टी हिरवी आणि ओलसर. डेरिक नाणेफेक हरला, हार्डलने आम्हाला फलंदाजी दिली, आणि चेंडू असा काही वळू लागला की बघता बघता तीन गडी परतले. त्यातला तिसरा तर पहिल्याच चेंडूवर उंच मारायला गेला होता.

दुसऱ्या बाजूला हॉरेस उभा होता. बाहेर जाणारा चेंडू तो शांतपणे सोडून देई, आत येणारा मान खाली घालून पायाशी थोपवी. वीस षटके झाली, धावा एकेचाळीस, त्यांत हॉरेसच्या नऊ.

"अरे हॉरेस, जिवंत आहेस ना?" प्रेक्षकांतून आरोळी आली.

"गिऱ्हाईक वाढवतोय तो! कंटाळून दोघं-तिघं इथंच जायची!"

तेवढ्यात वाऱ्याने माझी एक पिन निसटली आणि पांढरी पट्टी उघडी पडली. पुढचा चेंडू हॉरेसला दिसलाच नाही. तो सरळ बरगडीत बसला. मला फार वाईट वाटले. हॉरेस बरगडी चोळत माझ्यापर्यंत चालत आला आणि त्याने कापडाची घडी स्वतःच्या हाताने नीट बसवली.

"सावकाश होऊ द्या साहेब," हार्डलचा यष्टिरक्षक ओरडला, "तुमची माणसं कुठं पळून जातात?"

"पळत नाहीत," हॉरेस म्हणाला. "म्हणून तर मला घाई करायची सवय नाही."

हार्डलवालेसुद्धा हसले. दुपारकडे ऊन पडले. चेंडू जुना झाला, वळणे विसरला. आता डेरिक खेळायला आला आणि त्याचे हात सुटले. दोन षटकार तर माझ्या डोक्यावरून गेले. हातात गडी शिल्लक होते, म्हणून त्याला मोकळेपणी मारता आले. डाव संपला तेव्हा एकशे अडुसष्ट झाल्या होत्या. हॉरेस एकतीसवर नाबाद.

तरी जेवणाच्या वेळी पाव आणि हॅम खाताना डेरिकचा चेहरा पडलेला होता. "गेल्या महिन्यात नेहमीच्या सामन्यात इथंच अडीचशेचा पाठलाग झाला. त्यात आता लख्ख ऊन. साहेब, आपण हरलो."

"गेल्या महिन्यातली खेळपट्टी वेगळी होती, पोरा," हॉरेस म्हणाला. "सकाळी ओल्या मातीत चेंडूंनी खळगे पाडलेत. ते आता वाळून टणक झालेत. मी सकाळपासून त्यांच्यासमोरच उभा होतो. थोडा वेळ हार्डलवाल्यांना पळू दे, मग वेगवान गोलंदाज काढून घे."

हार्डलने झपाट्याने साठ धावा काढल्या. डेरिक नखे खाऊ लागला, पण त्याने ऐकले. फिरकीवाले आले. आता एक चेंडू थांबून येई, दुसरा घोट्याएवढाच उसळे. हार्डलवाल्यांना मात्र धावसंख्या लहान वाटत होती, म्हणून ते फटके मारतच राहिले आणि एकेक करून बाद होत गेले. शेवटची जोडी मैदानात, आठ धावा हव्या. फलंदाजाने जोरात बॅट फिरवली, चेंडू उशिरा आला, उंच उडाला आणि थेट माझ्यासमोर उभ्या असलेल्या हॉरेसकडे आला. मी श्वास रोखला. माझ्या काळ्या कापडापुढे तो पांढरा चेंडू चांदणीसारखा लखलखत उतरला. हॉरेसने तो दोन्ही हातांत अलगद घेतला, जणू कुणाची तरी ठेवच.

डेरिक धावत आला. "साहेब, माझं चुकलं हो!"

"चुकलं कुठं? तुझे षटकार नसते तर माझ्या एकतीस घेऊन काय केलं असतं?"

"ती कापडं इस्त्री करून द्या रे!" एडना लांबून ओरडली. "बुधवारी काम आहे!"

मित्रांनो, पुढे मला रीतसर काळा रंग लागला. आज मी म्हातारा झालो आहे. फळ्या फुगल्या, एक चाक गंजले. परवा एका फलंदाज मुलीने हात वर करून मला जरासे डावीकडे सरकवायला सांगितले, तेव्हा सात जण रेटत होते आणि मी लाजेने करकरत होतो. तुमच्या मैदानावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या चाकांना तेल घाला. आणि फलकावर कमी धावा दिसल्या, तर खेळणाऱ्याला हसण्याआधी एकदा आभाळाकडे बघा, एकदा मातीला हात लावून बघा. मग खुशाल टाळ्या वाजवा. मला इथपर्यंत ऐकू येतात.