ब्येल्काची कास

यार्मिलाने फीत ब्येल्का शेळीच्या छातीभोवती फिरवली, ओढून बसवली आणि आकडा मोठ्याने सांगितला. लिहून घेणारं कुणी नव्हतं, वही तिच्याच काखेत होती. पण ज्यांच्या हाताखाली ती तपासणी शिकली त्या मास्तरांसमोर आकडा मोठ्यानेच सांगायचा, ही वीस वर्षांची सवय होती.

मास्तर गोठ्याच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसले होते. बोहुमीर हाव्लास. चाळीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या शेळ्या तपासल्या. कोणती पाठ, म्हणजे तरुण शेळी, पैदाशीला ठेवायची आणि कोणती नाही, हे त्यांनी ठरवायचं. ‘नापास’ हा शब्द मालकाच्या तोंडावर त्यांनी कधी उच्चारला नाही. हातातली पेन्सिल फळीवर दोनदा वाजवायचे, की मालक मुकाट्याने जनावर घेऊन निघायचा. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले डावा हात आणि डोळे, आणि त्या डोळ्यांची यार्मिलाला अजून धास्ती वाटायची.

“कणा सरळ. पुठ्ठा रुंद. मागचे पाय…” ती खाली वाकली. “नऊ. दहा दिले तर मास्तर रागावतील.”

“दे की दहा,” ब्येल्काचा पट्टा धरून उभी असलेली द्राहोमीराकाकू म्हणाली. “ह्यांनी जन्मात कुणाला दहा दिले नाहीत. मलासुद्धा.”

मास्तरांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित हलला. काकू आज जरा जास्तच बोलत होती. नवरा दिवसभर हिलाच गोंजारत बसतो, दुसरं काय राहिलंय त्याला, हे तिचं दोनदा सांगून झालं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. ब्येल्काची आई व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी मेली आणि मास्तरांनी तीस वर्षं जपलेल्या वाणातली ही एकटीच मागे उरली. आज जातनोंदीत नाव चढलं तर वाण पुढे चालणार होता. नाही तर तो ह्याच गोठ्यात संपणार होता.

कास सगळ्यात शेवटी तपासायची आणि डोळे मिटून तपासायची, ही मास्तरांचीच शिकवण. यार्मिलाने डोळे मिटले आणि आचळं चाचपली. डावा सड. उजवा सड. उजव्याच्या मागे तिचा अंगठा अडला. अर्ध्या मसुराएवढी गाठ होती, गुळगुळीत.

तिथे पूर्वी जादा सड होता, तो कुणीतरी कापला होता. करडू तीन-चार दिवसांचं असताना तो कात्रीने उडवला की पुढे केसांत दिसत नाही; रक्तात मात्र राहतो आणि पिलांमध्ये पुन्हा उगवतो. अशी पाठ पैदाशीला चालत नाही. आणि कापून लपवणाऱ्यांना मास्तर आयुष्यभर चोर म्हणत आले होते.

ब्येल्का जन्मली तेव्हा मास्तर इस्पितळात होते. घरात कात्री चालवणारं माणूस एकच होतं.

यार्मिलाने डोळे उघडले. काकूने पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

“एवढा हिवाळा निघेल गं त्यांचा,” काकू अगदी हळू म्हणाली. “हिच्या पिलांची वाट बघत.”

यार्मिलाला रडू फुटायच्या बेतात होतं. खोटं लिहावं तर हा दोष उद्या दहा गोठ्यांत पसरणार. खरं लिहावं तर वाण बुडणार, वर ज्याला उलटून बोलता येत नाही त्या माणसासमोर त्याची बायको चोर ठरणार. भल्याभल्या मालकांना तोंडावर सुनावणारी ही बाई पेंढ्यात उकिडवी बसून राहिली.

“कास…” तिने काखेतली वही काढली. “कास निर्दोष.”

तिने पेन उघडलं आणि वहीवर टेकवलं.

टक. टक.

मास्तरांची अंगठी खुर्चीच्या लोखंडी दांडीवर वाजली होती. ते काकूकडे बघत नव्हते, ब्येल्काकडेही नाही. यार्मिलाकडे बघत होते.

काकूच्या हातून पट्टा सुटला. ब्येल्का रोजच्यासारखी चालत खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठमोरी उभी राहिली. मास्तरांचा डावा हात खाली उतरला. काही न चाचपता अंगठा थेट उजव्या सडामागे गेला आणि त्या गाठीवर थांबला.

“म्हणजे घरी आल्यापासून…” काकू म्हणाली. “रोज हेच चाललं होतं तुमचं? आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत?”

ती उलट्या बादलीवर मटकन बसली. मास्तरांनी तोच हात तिच्यापुढे केला. बराच वेळ तो तसाच राहिला, मग तिने तो धरला.

यार्मिला पाठ फिरवून वहीत लिहीत होती. शेवटचा ‘नापास’ हा शब्द तिला दोनदा गिरवावा लागला.