उघडी फाइल

जुन्या कागदांचे सगळे स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये गेले, एकच फाइल अडून बसली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच पालुपद: "फाइल दुसरीकडे उघडी आहे." माझं डोकं फिरलं. टेबलाटेबलावर जाऊन मी एकेकाला फैलावर घेतलं.

शेवटी हेडक्लार्क काकांच्या स्क्रीनवर ती सापडली. आमच्याच ऑफिसात टायपिस्ट असलेल्या काकूंचा, त्यांच्या बायकोचा, हाताने लिहिलेला रजेचा अर्ज. त्या रजेतच काकू गेल्या होत्या.

"काका, बंद करता का?" माझा आवाज आपोआप खाली आला.

"करतो गं." पण त्यांची नजर हलली नाही. "सोमवारी नक्की हजर होईन, असं लिहिलंय बघ तिनं."