बटाट्यांचा अलार्म

आमच्या साहेबांचं नाव मी ‘उरलंसुरलं’ ठेवलं होतं. या माणसाने आयुष्यात नवा प्रोग्राम लिहिला नाही. जुना काढायचा, वरचं नाव बदलायचं आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. हॉस्पिटलला रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा अलार्म हवा होता, तर यांनी बटाट्यांच्या शीतगृहाचा काढला, दारावरच्या सेन्सरसकट.

“सात वर्षांत एकदाही दगा दिला नाही,” साहेब म्हणाले. “चाललेलं कशाला मोडायचं?”

मी तपासनीस. दोनशे चाचण्या घेतल्या, सगळ्या पास, खाली सही ठोकली. महिन्याभराने माझी आत्या त्याच वॉर्डात दाखल झाली. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. “हे यंत्र मी तपासलंय, निर्धास्त झोप,” मी तिला ऐटीत सांगितलं.

दुपारी मी चहा पिऊन परतले, तर नर्स आत्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी पुन्हा बसवत होती. झोपेत निसटली होती. ऑक्सिजन पंचाहत्तरवर आला तरी यंत्र मुकाट. नर्सचं सहज लक्ष गेलं म्हणून आत्या वाचली.

मी साहेबांना फोन लावला.

“खोलीचं दार उघडं होतं का?” त्यांनी विचारलं.

“हॉस्पिटलात दार उघडंच असतं.”

“मग बरोबर आहे. दार उघडं असलं की आकडा बिघडला तरी तो दहा मिनिटं गप्प बसतो. माल उतरवताना गरम हवा आत येते ना, उगाच बोंबलायला नको.”

“माझी आत्या बटाटा नाही, साहेब.”

“हो, पण तू तपासलंस ना?”

दोनशे चाचण्यांची यादी मी तरी कुठे नव्याने केली होती? शीतगृहाचीच उचलली, ‘बटाटे’च्या जागी ‘रुग्ण’ घातलं. त्या यादीत दार कायम बंद. साहेबांना इतकी वर्षं नावं ठेवली, आणि मी कोण मोठी लागून गेले? स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

फोन ठेवला. नर्स तक्रारीचा कागद भरत होती.

“हे यंत्र तपासलं तरी कोणी?” ती वैतागून म्हणाली.

आत्याने डोळे उघडले. तिला धड बोलता येत नव्हतं, तरी तिने माझा हात धरला आणि कौतुकाने सांगितलं, “आमच्या हिने.”