सांताचं हसू

साबणाला चिकटलेला पांढरा केस नवऱ्याचा नव्हता. नायलॉनचा होता, आखूड, वळलेला – सांताच्या खोट्या दाढीतून गळलेला. नखानं तो काढताना तिला वाटलं, इतक्या वर्षांत या बेसिनवर सांडलं ते खोटं रक्तच. पांढरं काही पहिल्यांदाच...

बाहेर आरशासमोर नवरा हसत होता. हो-हो-हो. पोटातून हसू काढायला जायचा आणि निघायचं ते जुनंच – नायकाच्या बहिणीला गोदामात कोंडल्यावरचं. उभा जन्म सिनेमात खलनायक केला या माणसानं. भाजीवाली अजून हळूच विचारते, ताई, मारत तर नाहीत ना? काय सांगणार – झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात म्हणून? नाहीच सांगितलं कधी. लोक घाबरले म्हणून तर घर चाललं.

आणि आता मुलांचा सिनेमा, सुट्टीत लागणारा, आणि त्यात हा सांताक्लॉज. दिग्दर्शकाला म्हणे याच्या डोळ्यांत माया दिसली. बरी आत्ता दिसली मेल्याला. उद्या दाढी लावून चाचणी. निर्माता मात्र फोनवर म्हणाला होता, याला बघून पोरं भेटी परत करतील. नवऱ्यानंच तिला ते हसत सांगितलं. हसत म्हणजे, नुसत्या ओठांनी.

"खरं सांग, शोभतो का मी?" सकाळपासून हेच चाललेलं.

"आधी पोट बांधा," म्हणून ती भांड्यांकडे वळली.

शोभतो. विचारायचं काय त्यात? लहान पोरांबरोबर काम असलं की हा दिवसभर त्यांच्याशी अक्षर बोलायचा नाही – भीती खरी उतरावी म्हणून, रीतच त्याची – आणि काम संपलं की एकेकासमोर उकिडवा बसून माफी मागायचा. कॅमेरा बंद झाल्यावर. ते मी पाहिलंय. चुकत होतं ते हसूच, आणि बरोबरचं हसू कुठं आहे तेही तिला ठाऊक होतं: आधी खांदे हलतात, मग तो कानाची पाळी धरतो, मग कुठं घशातून फुटतं. तिच्या थट्टेलाच यायचं ते, दुसऱ्या कुणाच्या नाही. जगानं भीती नेली, हे हसू मी ठेवलं – वाटणी झाली होती. आता ते दाखवून ती मीच मोडू?

संध्याकाळी चहा पिताना, बसलेल्या आवाजात, कपाकडे बघत तो म्हणाला, की निर्मात्याचंच खरं असेल. नाही म्हणून कळवून टाकतो. दाढी हनुवटीखाली लोंबत होती. गाढव कुठला... माझं गाढव.

"कळवा," ती म्हणाली. "आणि हेही कळवा, की धुराड्यात झुरळं असतात म्हणून सांता यायला तयार नाही."

खांदे हलले. हात कानाला गेला. हसू फुटलं – आणि मध्येच थांबून तो तिच्याकडे बघायला लागला, खिशातलीच किल्ली गावभर शोधल्यासारखा.

"हेच का गं?"

तिनं कप उचलले. मान हलवली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही; तो मात्र आरशाकडे धावला होता. नळाखाली कप धरून ती ऐकत राहिली. पहिलं आलं ते खोटं. मग जरा कमी खोटं. मग – हुबेहूब. उद्यापासून हा माझ्यापुढं हसला, की कानाला गेलेला हात मी निरखणार, आपला का पडद्यावरचा... हे मनात येतंय तोच भिंतीपलीकडून ते हसू पुन्हा आलं, आणि कप विसळता विसळता तिचेच खांदे हलायला लागले होते.