रॉकेल आणि हळद

मी रेडिएटरचा होस पाइप. गाडीचं बॉनेट उघडलंत की समोरच कोपरातून वाकवलेल्या हातासारखा जो काळा नळ दिसतो, तोच. तेरा वर्षं माझ्यातून उकळतं पाणी गेलं. आता काहीच जात नाही. वारज्यातल्या एका गॅलरीत कुंडीमागे पडून आहे, आणि अंगावर ऊन आहे की सावली, ते मला खरंच कळत नाही. रबर मेलं की असंच होतं. तरी बोलतोय, कारण दुसरं काम उरलेलं नाही.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. कच्चं रबर वाकड्या लोखंडी सळईवर चढवलं, वाफेत शिजवलं आणि ओढून काढलं. झालं माझं बारसं. तिथून मी नाना पेठेत मुनव्वरभाईंच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात आलो आणि सहा महिने खिळ्याला लटकलो.

१९९६ साल होतं. रस्त्यावर रोज नवी गाडी दिसायची, आणि नव्या घेणाऱ्यांच्या जुन्या गाड्या साध्या माणसांच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. जयसिंगरावांनी अशीच एक पांढरी गाडी घेतली होती. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर. दुकानात आले, मला दाबून पाहिलं, कानाजवळ नेऊन वाजवलंसुद्धा.

"घेऊन जा साहेब," मुनव्वरभाई म्हणाले. "मुलीच्या लग्नापर्यंत बघायला नको."

"मुलगी सहावीत आहे."

"मग बरंच आहे की. घाई कुणाला आहे?"

जयसिंगरावांनी मला घरीच बसवलं. गॅरेजवाल्याचा हात त्यांना चालायचा नाही. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, जुन्या बनियनचा बोळा रॉकेलात बुडवायचा आणि इंजिन पुसायचं. खाचाखोचांसाठी टूथब्रश. कारखान्यात प्रत्येक सुटा भाग रॉकेलने धुतात, हीच त्यांची शिकवण. लोखंडाला रॉकेल मानवतं. मला नाही. मी सगळ्यांत पुढे, म्हणून सगळ्यांत जास्त रगडला जायचो. दर रविवारी थोडा फुगायचो, थोडा भुसभुशीत व्हायचो. ते मायेने करत होते, हे मला कळत होतं. सांगणार कसं?

"घरात स्टोव्हला रॉकेल नाही आणि गाडीला अभ्यंगस्नान!" वरून खिडकीतून श्यामलाबाई म्हणायच्या. या त्यांच्या पत्नी. त्यांचं माहेर सांगलीकडचं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत मुलीला, उत्कर्षाला, घेऊन त्या माहेराहून परत येताना कात्रजच्या घाटात, जुन्या बोगद्याच्या अलीकडे, मला क्लिपपाशी बारीक भोक पडलं. फुस्स करून वाफ आली. जयसिंगराव बॉनेट उघडून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेजारी एक ट्रक थांबला.

"ताई, हळद हाय का जवळ?" ट्रकवाल्याने विचारलं. "रेडिएटरमधी टाका दोन मुठी. बसतंय भोक."

हळद होती. माहेरची, चांगली किलोभर. श्यामलाबाईंनी पिशवी सोडली.

"अगं, इंजिन आहे ते, बटाट्याची भाजी नाही!" जयसिंगराव ओरडले. "मग जिरं-मोहरीही टाक!"

"तुम्ही बसा इथेच. मी नि उत्कर्षा ट्रकने जातो."

गाडी निवल्यावर श्यामलाबाईंनी स्वतःच्या हाताने हळद घातली. वरून कॅनमधलं पाणी. इंजिन चालू केलं, हळद पाण्याबरोबर फिरली, भोकापाशी आली आणि बसली. खरंच बसली. बाहेरून मला दर रविवारी पुसत होते, पण आतून कुणी धरलं ते त्या दिवशी. घरी पोचेपर्यंत जयसिंगरावांची नजर तापमानाच्या काट्यावर होती.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला श्यामलाबाईंनी ही गोष्ट सांगितली. दहा वर्षं. गोष्ट हळदीपर्यंत आली की जयसिंगराव पाणी प्यायला उठून जायचे. "तुझं बरोबर होतं," एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पुणेरी पाणी, दुसरं काय.

मधे दिवस बदलले. कारखान्याने 'स्वेच्छानिवृत्ती' नावाचा कागद पुढे केला, आणि स्वेच्छा कुणाची हे न विचारता जयसिंगरावांनी सही केली. उत्कर्षा इंजिनिअर झाली. हिंजवडीची कंपनीची बस तिला सकाळी कोपऱ्यावरून न्यायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. मी गाडीत होतो. उकळत होतो, थंड होत होतो.

२००८च्या मार्गशीर्षात श्यामलाबाईंना तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

जयसिंगराव रडले नाहीत. गाडी त्यांनी पुन्हा रस्त्यावर काढली नाही. पण रविवार चुकला नाही. तोच बोळा, तोच टूथब्रश. उभ्या गाडीचं इंजिन पुसायचे आणि बॉनेट लावायचे. कुणाचा फोन आला आणि "वहिनी कशा आहेत?" असं विचारलं, तर फोन मुकाट्याने उत्कर्षाच्या हातात द्यायचे. बायको गेली, हे दोन शब्द त्या माणसाला म्हणता येत नव्हते. खिडकीकडे मात्र ते बघायचे नाहीत. त्यांचा हात माझ्यावरून फिरायचा आणि मला काही वाटायचं नाही. मीही तोवर तसाच झालो होतो.

अकरा महिन्यांनी त्यांनी एका रविवारी बॅटरी चार्ज करून आणली आणि किल्ली फिरवली. का, कुणास ठाऊक. दहा मिनिटांत मी फाटलो. भोकापाशी नव्हे, भलतीकडेच, मधोमध.

"बाबा, आता द्या ना ही भंगारात," उत्कर्षा म्हणाली. "सोसायटीवाले जागा मागतायत. पुढच्या रविवारी माणूस येईल न्यायला."

"चालू झाली तर?"

"तर ठेवू. पण तुम्ही चालवायची. नुसती पुसायची नाही."

त्यांनी क्लिप सैल करून मला उपटलं, नमुना म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बसने नाना पेठेत नेलं. मुनव्वरभाई म्हातारे झाले होते. त्यांनी मला दाबलं.

"रॉकेलने धुता ना इंजिन?"

"दर रविवारी."

"मग त्यानेच खाल्लंय याला. रबराला साबणाचं पाणी लावायचं साहेब, रॉकेल नाही." त्यांनी माझ्यात बोट घातलं. बोट पिवळं झालं. "आणि ही हळद? अहो, हे भोक तर अजून बंद आहे! कुणी घातली?"

"आमच्या मंडळींनी."

"हुशार आहेत. बऱ्या आहेत ना वहिनी?"

इथे फोन नव्हता आणि उत्कर्षाही नव्हती. काउंटरवर मी होतो फक्त. जयसिंगरावांनी माझ्यावरून हात फिरवला.

"नाहीत," ते म्हणाले. "गेल्या."

मुनव्वरभाईंनी बोट पुसलं नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला.  निघताना नवा होस हातात देत मुनव्वरभाई हळूच म्हणाले, "साहेब, रेडिएटरमधली हळद मात्र धुऊन काढावी लागेल. नाहीतर पाणी फिरणार नाही, गाडी पुन्हा तापेल."

शनिवारी पार्किंगमध्ये मला बाजूला ठेवून त्यांनी नळीने रेडिएटर धुवायला घेतला. खालून पिवळं पाणी यायला लागलं. फरशीवरून ओघळ गटाराकडे निघाला.

"बाबा, हा गंज आहे?" उत्कर्षाने विचारलं.

"तुझ्या आईची हळद."

 पाणी फिकं होत गेलं. अगदी स्वच्छ आलं, तरी जयसिंगरावांनी नळी बंद केली नाही. शेवटी तिनेच नळ बंद केला.

"भोक तिने बुजवलं," ते म्हणाले. "पाइप मी खाल्ला. दहा वर्षांत एकदाही तिला म्हटलं नाही, की तुझं बरोबर होतं."

"तिला माहीत होतं, बाबा. तुम्ही पाणी प्यायला उठलात की ती पाहुण्यांना खूण करायची. म्हणायची, बघा, गेले कबूल करायला."

जयसिंगराव ओल्या फरशीवर तसेच खाली बसले आणि अकरा महिन्यांनी रडले. उत्कर्षा त्यांच्या शेजारी बसून राहिली.

नवा होस बसला, हिरवं कूलंट भरलं, गाडी चालू झाली. रविवारी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि बापलेक गाडी घेऊन सांगलीकडे निघाले. त्याआधी उत्कर्षाने मला नळाखाली धरलं होतं.

"तो धुऊ नकोस," ते म्हणाले.

म्हणून मी इथे आहे, कुंडीमागे. माझं एवढंच मागणं. कधीतरी ही गॅलरी आवराल, तेव्हा मला खुशाल टाका, मला काही वाटणार नाही. पण टाकेपर्यंत धुऊ नका. आत अजून थोडी शिल्लक आहे.